नव्वदचा फरक

छाननीला बसलं की पहिल्या तासाभरातच कळतं, सोलापूर जिल्ह्यात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर न येणारं माणूस आता उरलेलं नाही. यंदा लेखापालाच्या एका कंत्राटी जागेसाठी ११२ अर्ज आले. त्यातल्या शंभरेक अर्जांत ‘टॅली येते’ हे दोन शब्द होतेच. कुणी ते ठळक केलेले, कुणी खाली रेघ ओढलेली, एकानं पुढं ‘उत्तम’ असं आपणच जोडलेलं. शिवाय एमएस-सीआयटी, मराठी टायपिंग ३०, इंग्रजी ४०, काहींची जीडीसी अँड ए ही सहकार आणि हिशेबाची पदविका. झेरॉक्सवर स्वयंसाक्षांकनाच्या सह्या. एकीची तर बरोबर स्वतःच्या फोटोच्या नाकावर आलेली.

कार्यालयाचं नाव इथं नको. एप्रिलात दुपारी तिथल्या लोखंडी कपाटाला हात लागला की चटका बसतो, एवढं सोलापूरकराला पुरे. मीही तिथं कंत्राटीच आहे. माझं काम अर्जांची यादी करायची, तक्ता भरायचा आणि तो साहेबांपुढं ठेवायचा. तक्त्यात रकाने ठरलेले: पदवीच्या टक्क्यांना इतके गुण, जादा शिक्षणाला इतके, अनुभवाच्या दर वर्षाला इतके. रकाने भरत खाली आलं की बेरीज होते आणि बेरजेवर क्रम लागतो. हिशेब येतो की नाही, याला रकाना नाही.

मला याचं वाईट वाटतं असं म्हणणार नाही. रकाना असता तर त्यात मी काय लिहिलं असतं? ‘येतो’?

कधीकाळी या ढिगाऱ्यात माझाही अर्ज होता, आणि त्यातही ते दोन शब्द होते.

बीकॉम झाल्यावर २०१२ साली मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागले. चादरी आणि टॉवेल. ऑफिस म्हणजे मागांच्या शेडला लागून काचेची एक खोली. काच असूनही आवाज आत यायचाच. पहिला महिनाभर घरी आल्यावर आई मला म्हणायची, ओरडू नको गं, ऐकू येतंय मला. मालक फोनवर कन्नड बोलायचे. वसुलीवाल्याशी मराठी, सुताच्या व्यापाऱ्याशी हिंदी. मजूर आपसांत तेलुगू. बँकेला पत्रं इंग्रजीत. वही मराठीत. सोलापुरात याचं कुणाला काही वाटत नाही. एका वाक्यात तीन भाषा आल्या तर आपण त्याला वाक्यच म्हणतो.

ऑफिसात माझ्याआधीपासून दिवाणजी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही. नोटा मोजायचे तेलुगूत, ओकटि, रेंडु, मूडु, आणि बेरीज सांगायचे मराठीत. कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत, पण दिवाळीत वहीपूजनाला त्यावर हळदकुंकू मात्र वाहायचे. मी महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसले की अण्णा चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “किती राहिला गं अम्मा?”

म्हणजे आपली वही आणि बँक यांत फरक किती राहिला.

पहिल्यांदा मी म्हणाले, “नव्वद.” दोन तास शोधत होते. एकेक नोंद बोटानं खाली सरकवत.

“नऊनं भाग की.”

“दहा.”

“मग उलटं बसलंय कुठंतरी. शेजारशेजारचे आकडे बघ.”

पाच मिनिटांत सापडलं. २,३४० चा चेक मी २,४३० लिहिला होता. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो. ५७ चे ७५ झाले तर १८. ४१६ चे ४६१ झाले तर ४५. का, ते नंतर मी कागदावर मांडून बघितलं. दशकातला अंक एककात गेला की त्याची किंमत दहापटीवरून एकपटीवर येते, म्हणजे नऊपट घटते, इतकं सरळ आहे. पण बीकॉमच्या तीन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढं अण्णांनी आणखी दोन युक्त्या दिल्या. फरक निम्मा करून बघायचा: १,२५० चा फरक असेल तर ६२५ ची एखादी नोंद नावेची जमेला गेलेली असते, म्हणून दुप्पट दिसते. आणि फरक नुसता शंभर किंवा हजार असा गोल आला तर हातचा विसरला.

टॅली आल्यावर हातचा विसरत नाही, तेरीज, म्हणजे नावे आणि जमा बाजूंच्या बेरजांचा तक्ता, आपोआप जुळते. माझ्या मते टॅलीतली धोक्याची गोष्ट नेमकी हीच. दोन्ही बाजूला तोच चुकीचा आकडा बसतो आणि तेरीज छान जुळलेली दिसते. चूक बाहेर येते ती दुसऱ्या कुणाच्या वहीशी आपली वही ताडली तरच. म्हणून बँकेचा ताळमेळ. म्हणून अण्णा.

सरकारी जागेसाठी पहिला अर्ज केला २०१५ च्या शेवटी आणि मुलाखत आली जानेवारी २०१६ मध्ये, ऐन गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत. योजना होती आरोग्याची, जागा लेखापालाची, मुदत अकरा महिन्यांची. अनुभवाचा दाखला मागितला तेव्हा मालक खूश होऊन म्हणाले, “देतो की, चांगलं लिहून देतो.” आणि खरंच चांगलं लिहून दिलं. लेटरहेडवर, निळ्या शाईत: सदर मुलगी आमच्याकडे कामास असून प्रामाणिक, कष्टाळू व सुस्वभावी आहे. खाली शिक्का.

छाननीत अनुभवाचे गुण शून्य. दाखल्यावर कामाला लागल्याची तारीख नव्हती, पदाचं नाव नव्हतं, कामाचं स्वरूप नव्हतं, जावक क्रमांक तर नव्हताच. तेव्हा फार राग आला होता. आज तशाच दाखल्यापुढं मीही शून्य लिहिते. लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. प्रामाणिकपणाचे गुण कशाच्या आधारे दिले, असं उद्या लेखापरीक्षकानं विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही.

शून्य असूनही टक्क्यांच्या जोरावर मुलाखतीपर्यंत पोचले. टेबलामागं तिघं. मधल्यांनी अर्ज उलटला.

“टॅली येतं म्हणता. काय येतं?”

“सगळं येतं सर.”

“बरं. लेखाशीर्ष म्हणजे काय?”

मी गप्प. शब्द ऐकलेला होता, एवढंच. बीकॉमच्या पुस्तकांत सरकार येतं ते कर गोळा करायला. खर्च करणाऱ्या सरकारची गाठ त्या पुस्तकांत पडत नाही. आणखी एक-दोन प्रश्न झाले, मग “या”. बाहेर आले तर पार्क चौकापासून पुढं गड्ड्याची गर्दी, पाळण्यांचे आवाज. तिथून भगरीचे लाडू घेतले आणि घरी सांगितलं, बरी झाली मुलाखत.

आमचे एक मामा कोषागारातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं गेले. त्यांनी कपाटातून महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ ची पिवळी पडलेली प्रत काढली, वरची धूळ फुंकली, पुस्तक बाजूलाच ठेवलं आणि एका कोऱ्या कागदावर चार आकडे लिहिले: ०२१०, २२१०, ४२१०, ६२१०.

“यात सारखं काय आहे?”

“शेवटचे तीन.”

“ते आरोग्य. पहिला आकडा बदलतो. शून्य म्हणजे आरोग्याकडून आलेली जमा, केसपेपरची फी वगैरे. दोन म्हणजे महसुली खर्च, पगार, औषधं. चार म्हणजे भांडवली, दवाखान्याची इमारत. सहा म्हणजे दिलेलं कर्ज. आता २२०२ शिक्षण आहे, तर शाळेच्या इमारतीचं काय?”

“४२०२.”

“झालं. आलं तुला लेखाशीर्ष.”

तेवढ्यावर येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. प्रधान शीर्षाखाली उपप्रधान, मग गौण, उपशीर्ष, तपशील आणि सगळ्यात खाली उद्दिष्ट, अशा सहा पायऱ्या, मिळून पंधरा आकडे. पण मला दार उघडलं ते त्या चार आकड्यांनी. कारखान्यात पैसा आधी खर्च व्हायचा आणि कुठं टाकायचा ते मार्चमध्ये सीए ठरवायचे. सरकारात रुपयाला आधी नाव पडतं, मग तो खर्च होतो. पगाराच्या नावाचा रुपया खुर्चीला लावला तर खुर्ची कितीही गरजेची असो, आक्षेप येतो. लावायचाच असेल तर रीतसर पुनर्विनियोजन करून त्याचं नाव बदलून आणायचं. उरला तर मार्चअखेरच्या आत समर्पित, म्हणजे सरकारला परत करायचा.

मामांना बोलायला माणूस हवंच होतं. रोकडवही रोज बंद झालीच पाहिजे, पेन्सिल चालत नाही, आकडा खरवडायचा नाही, त्यावर गिरवायचं नाही, महिनाअखेर तिजोरीतली रक्कम कार्यालयप्रमुखानं स्वतः मोजून तारखेसह सही करायची. असं ते तासभर सांगत राहायचे आणि मामी मधूनच, “अहो, पाणी सोडलंय, आधी मोटर लावा,” म्हणून हाक मारायच्या. सोलापुरात पाणी आलं की कोषागार नियमही थांबतात.

एकदा त्यांनी सहज सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसून राहिली. जिल्हा परिषद, महापालिका असल्या संस्थांच्या हिशेबांची तपासणी ज्या कायद्यानं चालते तो मुंबई (आता महाराष्ट्र) स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा १९३० चा. आमच्या गावाला १९३० म्हटलं की एकच आठवतं, मार्शल लॉ, आणि पाठोपाठ १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. त्याच १९३० साली कुठल्यातरी इंग्रजी कचेरीत कुणीतरी बसून ‘प्रमाणक जोडलेले नाही’, म्हणजे खर्चाचा कागदी पुरावा नाही, या आक्षेपाची सोय करत होतं. चार पुतळ्यांवरून जाताना मला अजूनही हे आठवतं. त्याचं काय करायचं ते मात्र कळत नाही.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि वर्षभर दुसरं काही सुचलं नाही. दुसरा अर्ज केला होता, मुलाखतीला जाताच आलं नाही. त्या काळाबद्दल एवढंच, की अण्णांनी पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली आणि अर्ध्या तासात परत नेली.

पण माझी नोकरी ज्या फरकामुळं लागली असं मी मानते, तो जीएसटीतलाच. २०१८ च्या शेवटी आमच्याकडून एका सरकारी वसतिगृहाला चादरी गेल्या. मालाची किंमत ३ लाख, त्यावर पाच टक्के जीएसटी १५,०००. बिल ३,१५,००० चं. खात्यात आले ३,०९,०००.

“किती राहिला?” अण्णा.

“सहा हजार.”

“नऊनं?”

“जात नाही.”

“निम्मं कर.”

तीन हजाराची नोंद कुठंच नव्हती. गोल आकडा, म्हणजे हातचा? हातचाही नव्हता. अण्णांच्या तिन्ही युक्त्या पहिल्यांदाच हरल्या. मालकांचं ठरूनच गेलं की मधल्या कुणीतरी खाल्ले. सहा हजार म्हणजे बरोबर दोन टक्के, आणि तेही ३,१५,००० वर नव्हे, ३ लाखांवर. त्यावरून मी मागं लागले. १ ऑक्टोबर २०१८ पासून नियम लागू झाला होता: अडीच लाखांवरच्या कंत्राटात सरकारी कार्यालयानं पुरवठादाराचे पैसे देताना दोन टक्के जीएसटी-टीडीएस कापायचा, आणि कापायचा तो कर सोडून उरलेल्या किमतीवर. जीएसटीच्या पोर्टलवर गेले तर आमच्या नावावर सहा हजार पडलेले दिसले. आम्ही फक्त ते स्वीकारायचे राहिले होते. स्वीकारले, रोख खतावणीत जमा झाले, पुढच्या महिन्याच्या करात वापरले.

अण्णा म्हणाले, “म्हणजे आपले पैसे, आपल्याच नावानं, पण त्यांच्या घरी.” मी आजवर ऐकलेली टीडीएसची इतकी चोख व्याख्या दुसरी नाही.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी अनुभवाचा दाखला मीच लिहून मालकांपुढं ठेवला. वाक्यं सगळी खरी. फक्त कारखान्याची भाषा काढून सरकारची घातली. किरकोळ खर्चाला आम्ही पेटी कॅश म्हणायचो, तिथं लिहिलं स्थायी अग्रिम. ‘पार्ट्यांची बिलं बघते’ याचं झालं पुरवठादारांची देयके तपासणे व वैधानिक कपाती करणे. ‘बँक जुळवते’ याचं दरमहा बँक ताळमेळ विवरणपत्र तयार करणे. वर तारखा, पदाचं नाव, कामाचं स्वरूप. कारखान्यात जावक नोंदवही नव्हती, म्हणून एक दोनशे पानी वही आणून पहिल्या ओळीत जावक क्रमांक १ माझ्याच दाखल्याचा टाकला. मालकांनी वाचलं आणि नाराजीनं म्हणाले, “यात तू प्रामाणिक आहेस असं कुठं लिहिलंय?”

मी म्हणाले, “लिहा की खाली.” त्यांनी लिहिलं. निळ्या शाईत.

हे भाषांतर म्हणजे सजावट, असं काहींना वाटतं. माझ्याकडं येणारी मुलं-मुली तशीच सजावट करून आणतात: ‘लेखाविषयक सर्व कामकाजाचे सखोल ज्ञान’. मशीनच्या चादरीसारखं, कुठूनही बघा, नक्षी एकच. हे तर ‘टॅली येते’च्या एक पायरी खाली गेलं. महिन्याला साधारण किती प्रमाणकं हाताळली, रोकड सांभाळली की नुसत्या नोंदी केल्या, विवरणपत्र स्वतः भरलं की सीएंना माहिती पुरवली, एवढं जरी साधं लिहिलं तरी वाचणाऱ्याला तुमचं टेबल दिसतं. ‘रोकड माझ्याकडे नव्हती’ हे लिहायला लोक लाजतात. लाजण्यासारखं त्यात काय आहे? उलट ते लिहिणाऱ्याचं बाकीचंही खरं वाटतं.

मुलाखत झाली २०१९ मध्ये. या वेळी टेबलामागं चौघं, त्यात एक बाई, केसांत मोगऱ्याचा गजरा. त्याच बोलल्या.

“टॅली येतं हे कळलं. एखादा फरक सांगा, तुम्ही शोधलेला.”

मी सहा हजार सांगितले. नऊनं भागण्यापासून पोर्टलपर्यंत सगळं. शेजारचे साहेब हसले, कापणारे आम्हीच की ओ, म्हणाले. मग बाईंनी कागदावर लिहून विचारलं.

“आम्ही एका तालुक्याला ५०,००० दिले. ३१ मार्चला त्यांच्याकडून ३२,००० ची प्रमाणकं आली. खर्च किती?”

पैसे तर गेले होते. खात्यातून पन्नास हजार वजा होते. क्षणभर तेच तोंडात आलं. पण कारखान्यात दर शनिवारी मजुरांचा हप्ता व्हायचा आणि त्यात उचल असायची. कुणी पोरीच्या लग्नाला, कुणी गावाकडं जायला, दोन-पाच हजार उचल घ्यायचा. ती उचल मी पहिल्याच महिन्यात मजुरी म्हणून लिहिली होती, तेव्हा अण्णांनी वही माझ्यापुढून ओढून घेतली होती. माणसानं काम केलंय का? कापड उतरलंय का मागावरून? मग मजुरी कसली? त्याच्या नावे टाक. काम होईल तशी फिटेल.

“बत्तीस हजार,” मी म्हणाले. “अठरा हजार त्यांच्या नावे. उचल म्हणजे खर्च नव्हे.”

“उचल?”

“अग्रिम, मॅडम. तसलमात.”

बाईंनी शेजाऱ्यांकडं बघितलं. पुढं नोकरीत आल्यावर कळलं, हा प्रश्न मुलाखतीपुरता नाही. मार्चअखेर दिलेली सगळी रक्कम खर्ची टाकून पैसे वापरल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवून द्यायचा मोह कुठल्याही कार्यालयात असतो. पाठवलं की वरून पुढचा हप्ता सुटतो. आणि मग दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षणात तीच तसलमात बाहेर येते, तोवर देणारा बदलून गेलेला, घेणारा निवृत्त झालेला. आता योजनांच्या पैशाचं स्वरूपच बदललंय. २०२१ मध्ये केंद्राच्या प्रत्येक योजनेला राज्यात एकच नोडल खातं आलं, खालच्या खात्यांत शिल्लक शून्य, फक्त खर्चाची मर्यादा. आमच्या खात्यात आज काहीच नाही आणि तरी आम्ही खर्च करतो. हे मी अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हे तर माझ्या संसारासारखं झालं.”

कायम होण्यासाठी परीक्षाही दिली. जिल्हा परिषदेची २०२३ ची भरती, राज्यभरात १९,४६० जागा, परीक्षा आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं घेतलेली, १०० प्रश्न, २०० गुण, मुलाखत नाही. समानार्थी शब्द, रिकाम्या जागा, रांगेत डावीकडून सातवा कोण, आणि विषयाचे प्रश्न. नाही जमलं. तरी या पद्धतीबद्दल मी वाईट बोलणार नाही. केंद्रानं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा ज्यांच्या मागं कुणी नाही अशा पोरांना पहिल्यांदा हायसं वाटलं. टेबलामागच्या चौघांत प्रत्येक वेळी गजऱ्याच्या बाई नसतात. माझ्याच वेगळ्या एका मुलाखतीत पहिला प्रश्न होता, “लग्न झाल्यावर नोकरी करणार का?” संगणक असलं काही विचारत नाही. मात्र फरक पडल्यावर माणूस काय करतो, तेही त्याला कळत नाही.

यंदाच्या जागेला साहेबांनी अर्ध्या तासाची प्रात्यक्षिक चाचणी ठेवली, गुणानुक्रमे पहिल्या वीस जणांची. प्रश्न काढायला मला सांगितलं. मी रात्री जेवण झाल्यावर कडक भाकरीचा चुरा झटकून तिथंच टेबलावर बसले आणि एका काल्पनिक कार्यालयाचा मार्च महिना तयार केला. रोकडवहीप्रमाणे बँक शिल्लक १,४६,३२०. न वटलेले चेक १८,७५०. बँकेनं जमा केलेलं व्याज १,२४८, वहीत नाही. बँकेचे चार्जेस ११८, तेही वहीत नाहीत. भरलेला पण जमा न झालेला चेक २,८१०. हे सगळं अधिक-उणे केलं की येतात १,६३,३९०. स्टेटमेंटची शिल्लक मी लिहिली १,६३,४८०. आणि वटलेल्या चेकांच्या यादीत एक चेक वहीत २,४३०, स्टेटमेंटवर २,३४०.

साहेबांनी कागद बघितला. “हे नव्वद मुद्दाम?”

“हो सर.”

“अर्ध्या तासात सापडेल?”

“नऊनं भागलं तर पाच मिनिटांत.”

चाचणीला सोळा जण आले. पंखे चालू होते, तरी उत्तरपत्रिका घामानं हाताला चिकटत होत्या. मी दोन रांगांमधून फिरत होते. नऊ-दहा जणांनी चार नोंदी बरोबर घेतल्या आणि नव्वदपाशी येऊन थांबले. मग एकेकाचं सुरू झालं. दोघा-तिघांनी शेवटी ‘इतर / किरकोळ ९०’ अशी ओळ घालून खाली जुळवून टाकलं, दुहेरी रेघ मारली. एकानं न वटलेल्या चेकांची बेरीजच १८,८४० करून घेतली; त्यातला सगळ्यात हुशार तोच म्हणावा लागेल, आणि मला सगळ्यात भीती वाटली तीही त्याचीच. कडेला बसलेल्या एका मुलानं स्वच्छ लिहिलं होतं: फरक रु. ९०, कारण सापडले नाही. त्याला अर्धे गुण मिळाले. उत्तरसूचीत त्यापेक्षा जास्त बसत नव्हते. माझ्या हातात असतं तर किरकोळवाल्यांपेक्षा पुष्कळ वर ठेवला असता.

खिडकीपाशी एक मुलगी होती. बार्शीकडची असावी, बसची तिकिटं कंपासपेटीत दिसत होती. दहा मिनिटं राहिली तेव्हा तिनं हात वर केला.

“मॅडम, रोकडवही बंद झालेली आहे असं धरायचं ना? सही झालेली?”

“प्रश्नात जे आहे तेच.”

“मग २,४३० वर मला काही करता येणार नाही.”

मी काही बोलले नाही. बोलायचं नसतं. तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वहीच्या पानावरच्या आकड्याला हातही लावला नाही. ताळमेळात नव्वद अधिक केले, १,६३,४८० आणले, आणि खाली नवी नोंद लिहिली: जमा बाजूला रु. ९०, चेकची रक्कम २,३४० ऐवजी २,४३० नोंदल्याबद्दल दुरुस्ती, पुढं चेकचा क्रमांक, आणि ज्या तारखेला चूक झाली ती तारीख.

वेळ संपली. मी पेपर गोळा केले. तिच्या उत्तरपत्रिकेच्या समासात, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात ९० भागिले ९ केलेलं होतं. हे तिला कुणी शिकवलं, कुठल्या दुकानात, कुठल्या आडतीवर, विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. पण यादी लागेपर्यंत उमेदवाराशी बोलायचं नाही असा नियम आहे. ती कंपासपेटी पिशवीत टाकून, सव्वापाचची गाडी किती वाजता सुटते असं शिपाईमामांना विचारत बाहेर गेली.